मयतीच्या घरचा हैदोस

वासू, तुझ्या शोकसभेत तुला ‘शांत’ म्हणाले.

आणि असं म्हणणारा एकच माणूस नव्हता. आधी मुख्याध्यापक म्हणाले, मग शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, आणि शेवटी तुझा तो विद्यार्थी, ज्याच्याकडून तू भर वर्गात कोंबड्याची बांग काढून घ्यायचास, तोही म्हणाला, की सर फार शांत स्वभावाचे होते. शांत, संयमी, मितभाषी! मी शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं, ‘‘काहो, आपण भलत्याच माणसाच्या सभेत तर नाही आलो?’’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वासूऐवजी हा गेला असता तर बरं झालं असतं. फळ्यावर नाव तुझंच होतं. फोटोही तुझाच होता, फक्त त्यात तुझं तोंड मिटलेलं होतं. तोंड मिटलेला तुझा फोटो जगात एकच असणार, आणि तो नेमका यांना सापडावा!

मग सगळ्यांनी दोन मिनिटं स्तब्धता पाळली. तुझ्यासाठी, स्तब्धता! मी उभा राहिलो, हात जोडले, मान खाली घातली. एवढ्या मोठ्यानं ओरडावंसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मी इतवारीतल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून पोट भरणारा माणूस. तू म्हणायचास, ‘‘तू बोलतच जा बे, लिहू नको. लिहायले बसला का तू सभ्य होऊन जातो.’’ तर आज मी सभ्य होणार नाही. आज मला राग आला आहे. त्यांचा आला आहे, तुझा आला आहे, आणि त्या एका शब्दाचे जे धिंडवडे चालले आहेत त्यांचाही आला आहे.

शब्द तुझाच. वर्ग सुटल्यावर कोणी विचारलं, ‘‘काय सर, कसा झाला तास?’’ की तू मिशीवरून बोट फिरवून म्हणायचास, ‘‘हैदोसधुल्ला!’’ नुसता हैदोस नाही, धुल्ल्यासकट अख्खा. आपल्या लहानपणी हा अख्खा शब्द घरोघरी होता. लग्नघरी आपण पोरं माडीवर नाचायला लागलो, की खालून एखादी आत्या ओरडायची, ‘‘काय हैदोसधुल्ला लावला बे पोट्टेहो, माडी खाली आणता काय!’’ त्या ओरडण्यात राग थोडा असायचा, कौतुक जास्त असायचं. आत्या वर यायची ती रागवायला, आणि थोड्या वेळानं पदर खोचून तीच नाचत असायची. दहा माणसं, एखादं पिटायचं भांडं, आणि नाचायला काहीही कारण नसणं, याला आपल्याकडे हैदोसधुल्ला म्हणत.

मग वर्तमानपत्रवाल्यांनी त्याची शेपटी तोडली. धुल्ला गेला, हैदोस उरला, आणि तो त्यांनी नेऊन कोणाकोणाला दिला! मोकाट कुत्र्यांचा हैदोस. मद्यपींचा हैदोस. एकदा तर डासांचा हैदोस छापून आलं होतं. तू वाचनालयात भर शांततेत पेपर आपटून ओरडलास, ‘‘डास काय ताशा वाजवून राहिले काय बे?’’ ग्रंथपालानं तुला बाहेर काढलं होतं. त्या शांत, संयमी, मितभाषी माणसाला!

आता ऐक. तू गेल्यानंतर तुझ्या घरी काय चाललं होतं ते तुला कोणी सांगणार नाही. मी सांगतो.

मी रोज येत होतो. बाहेरच्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून तुझे थोरले बंधू बसलेले असायचे. त्यांना सगळा मोहल्ला दादा म्हणतो. तुमचे आईवडील लवकर गेले, दादांनी तुला वाढवलं, शिकवलं, नोकरीला चिकटवलं, उजवलं, हे मी विसरलेलो नाही. येणाऱ्या प्रत्येकाला दादा तेच ऐकवत होते. ‘‘घरात आहे का नाही, समजत नव्हतं. इतका शांत पोरगा.’’ सभेत सगळ्यांच्या तोंडी ते कुठून आलं, हे मला तिथं कळलं.

आणि आत भिंतीला पाठ लावून वहिनी बसलेली. वासू, ती रडत नव्हती. बोलत नव्हती. समोर ठेवलेल्या चहावर साय धरायची आणि कोणीतरी तो उचलून न्यायचं. बाया गळ्यात पडून रडून जायच्या, ही त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे पाहत राहायची. तुझी बहीण मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, ‘‘भाऊ, वहिनीनं अजून टिपूस नाही काढलं. मले भेव लागून राहिलं.’’ मलाही लागलं होतं. ज्या घरात तुम्हा दोघांच्या हसण्यानं मांजर माळ्यावर जाऊन बसायचं, त्या घरातली ती बाई लाकडासारखी झाली होती.

मला डॉक्टरकी येत नाही, गीता येत नाही. मला गोष्ट सांगता येते. म्हणून मी कामठीची गोष्ट काढली.

तू ती शंभरदा ऐकली आहेस आणि शंभरदा माझ्या चुका काढल्या आहेस. आज मध्ये बोलता येत नाही तर मुकाट्यानं ऐक.

तू तान्हा असताना दुखण्यातून उठेनास, तेव्हा तुझ्या आईनं मोहरमला मिरवणुकीनं निघणाऱ्या सवारीला नवस केला होता. पोरगा वाचला तर त्याचं लग्न होईपर्यंत दर मोहरमला सवारीपुढे वाघ होऊन नाचेल. नागपुरात त्या काळी कित्येक हिंदू घरांत असे नवसाचे वाघ होते, आणि कोणाला त्यात नवल वाटत नसे. पिवळी पेवडी सरसात कालवून अंगभर फासायची, त्यावर काळे पट्टे, मागे तारेची शेपटी. कमरेला दोरी बांधलेली, आणि ती दोरी धरायला मी. ताशा कडाडला, की तू असा उसळायचास की माझे तळहात सोलून निघायचे.

त्या वर्षी मोहरम ऐन मे महिन्यात आला होता. घामानं रंग ओघळू नये म्हणून पेवडीत सरस जरा सढळ हातानं घातला गेला. वाघ झकास झाला, नाचही झकास झाला. मग रंग निघेना. रॉकेलनं घासलं, बेसनानं घासलं, शेवटी टाच घासायच्या वजरीनं घासलं. तोंड कसंबसं माणसाचं झालं. आणि दुसऱ्याच दिवशी कामठीला मुलगी पाहायला जायचं ठरलेलं.

गेलो तिघं. तू, मी आणि दादा. तुझे होणारे सासरे हातमागावर साड्या विणणारे. पुढच्या खोलीत बैठक, मागच्या खोलीत मागांची खटखट. दादांनी बसमधून उतरतानाच ताकीद दिलेली, ‘‘वाघाचं नाव काढायचं नाही. मास्तर आहे, शांत आहे, एवढंच.’’ आणि बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली, ‘‘घरात आहे का नाही, समजत नाही इतका शांत पोरगा.’’ तू खरंच शांत बसला होतास, कारण हललास की कॉलरला पिवळं लागत होतं.

सासऱ्यांची नजर विणकराची. त्यांना तुझी नखं दिसली, मग तळहात दिसले, मग डोळ्यांचे कोपरे. ते पुढे सरकले आणि अगदी मायेनं, सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं,

‘‘मास्तर, लघवी कशी होते?’’

दादांपुढे दोनच रस्ते होते. पोरगा काल वाघ झाला होता म्हणायचं, नाहीतर पोरगा आजारी आहे म्हणायचं. दादांनी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘‘हो, जराशी कावीळ होऊन गेली त्याले.’’

झालं! सासरे देवमाणूस. ‘‘होऊन गेली म्हणता? ती तर अजून आहे!’’ म्हणून उठले आणि शेजारच्या गल्लीतून कावीळ उतरवणाऱ्या बाबाला घेऊन आले. त्या बाबाची रीत सगळ्या कामठीला माहीत होती. परातीत साधं पाणी घ्यायचा, रोग्याचे हात त्यात बुडवायचा, चुन्याची निवळी घालायचा, काहीतरी पुटपुटायचा, आणि मग हळूहळू पाणी पिवळं व्हायचं. कावीळ पाण्यात उतरली म्हणून लोक हात जोडायचे. तुझ्यापुढे परात आली. तू हात बुडवलेस. बाबानं चुन्याच्या डबीचं झाकणही उघडलं नव्हतं, आणि पाणी हळदीसारखं पिवळंजर्द! बाबा दोन पावलं मागे सरकला. छातीला हात लावून म्हणाला,

‘‘अजून म्या काहीच नाही केलं ना बाप्पा!’’

इथे मी बाबासारखा मागे सरकलो, डोळे पांढरे केले, आणि भिंतीशी बसलेली वहिनी हसली.

हळू नाही हसली. भसकन हसली, तिची ती नेहमीची, मान मागे टाकून. तुझी बहीण हसली, एक आजी तोंडात पदर कोंबून हसली. मला वाटलं, आलं, माणूस परत आलं. एवढ्यात दाराकडून दादांची खुर्ची करकरली.

‘‘बस कर गा! मयतीच्या घरी हा काय हैदोस लावला?’’

वहिनीचं हसू असं थांबलं जसं कोणी माग अडवून धागाच कापावा. तिनं पदर तोंडावर घेतला, उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दादा मला बाहेर ओट्यावर घेऊन गेले. ‘‘उद्यापासून येऊ नको. तेरवीले ये. बाहेरचे लोक येऊन राहिले भेटायले, काय म्हणतील? नवरा मेला अन् बाई हसून राहिली?’’

जिथे मी बोलायला हवं होतं, तिथे मी सायकल घेऊन निघून आलो. पण आता मला सांग, वासू, या माणसानं शब्द कोणता वापरला? जगात शंभर शब्द होते. गोंधळ म्हणायचं, तमाशा म्हणायचं, थट्टा म्हणायचं. म्हणे मयतीच्या घरी हैदोस! अरे, तो शब्द जन्मलाच मयतीच्या घरी!

हे मला तूच सांगितलंस, आणि तुला करीमचाचांनी सांगितलं. चाचा तुझ्या वाघापुढे ताशा वाजवायचे. तुझ्या मिसरूड फुटण्याच्या वयात एकदा नाच संपल्यावर तू दमून त्यांच्याजवळ बसलास आणि म्हणालास, ‘‘चाचा, क्या मज़ा आया आज!’’ चाचांनी ताशाचा पट्टा सोडवत म्हटलं होतं, ‘‘तुम लोगों को मेला दिखता है बेटा. हमारे यहाँ तो मातम है.’’ आणि मग त्यांनी तुला सांगितलं, की मोहरमला लोक छाती पिटून रडतात तेव्हा त्यांच्या तोंडी ‘हाय दोस्त! हाय दूल्हा!’ असा आक्रोश असतो. कोणी जवळचा गेला, कोणी लग्नाच्या वयाचा पोरगा गेला, त्याच्या नावानं. रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्यांना ताशा ऐकू आला, गर्दी दिसली, वाघ दिसले. त्यांनी ती हाक उचलली आणि घरी नेऊन तिचा हैदोसधुल्ला केला.

तू त्या दिवशी जेवला नाहीस. मला येऊन म्हणालास, ‘‘मी कोणाच्या रडण्यात नाचून राहिलो बे इतके वर्ष?’’ दुसऱ्या दिवशी चाचांकडे जाऊन तू म्हणालास, की मी आता वाघ होणार नाही. चाचा हसले. ‘‘नाचो बेटा, नाचो. तेरी माँ ने मन्नत भी तो रोकर ही माँगी थी.’’

तिथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायला लागलास, की पोटात रडं असल्याशिवाय जो आवाज होतो तो नुसता गोंगाट; त्याला हैदोस म्हणायचं नाही. मी म्हणायचो, शब्द कुठून आला ते मास्तरांनी पाहावं, माझ्या आत्यानं ज्याला हैदोस म्हटलं तो हैदोस, आणि माझी आत्या नाचताना तिच्या पोटात फक्त जिलबी होती. तू म्हणायचास, ‘‘तुही आत्या बालविधवा होती बे.’’ मी म्हणायचो, ‘‘तिच्या नाचाचा अन् त्याचा काय संबंध?’’ तू म्हणायचास, ‘‘तुले काय समजते, कापड मोज.’’ वर्षानुवर्षं हे भांडण तर्रीपोह्याच्या ठेल्यावर चाललं. पोहेवाल्याला ते पाठ झालं होतं. मी जरा अडखळलो तर माझं वाक्य तोच पूर्ण करायचा.

शेवटच्या सकाळीही तेच चाललं होतं. मी म्हटलं, ‘‘बरं, मान्य केलं तुझं, तर मग आपण इतकी वर्षं हसतो आहोत ते काय रडतो आहोत काय?’’ तू तोंडात घास घेतलेला. हातानं थांब अशी खूण केलीस, गिळलंस, घड्याळ पाहिलंस, सायकलवर बसलास आणि म्हणालास, ‘‘उद्या सांगतो तुले.’’

उद्या! हा माझा तुझ्यावरचा राग आहे, आणि तो मी सोडणार नाही. चांगला मुद्द्यात सापडला होतास. दुपारी शाळेत छातीत दुखलं म्हणून कोणी मरतं काय भांडण अर्धं टाकून?

आणि तुला वाटेल, दादांच्या एका वाक्याचं मी एवढं का मनावर घेतलं. माझे बापू गेले तेव्हाचं तुला आठवत नसेल. देणाऱ्याला आठवत नाही. बापू गेले आणि माझी आई ओसरीवर दगडासारखी बसली. तू आलास. नमस्कार केलास. तिच्या पुढ्यात बसलास आणि काही न बोलता, हातात कापड नसताना, बापूंसारखं कापड मोजायला लागलास. तसंच नाक वर करून, तसंच प्रत्येक वाराला ‘राम’ म्हणून, आणि शेवटच्या वाराला गिऱ्हाइकाची नजर चुकवून बोट जरासं आत घेत. माझी आई म्हणाली, ‘‘असंच करत होते माझं माणूस,’’ आणि हसली, आणि त्या हसण्यातूनच तिला रडू फुटलं. आमच्या घरात दहा वडीलधारी बसले होते. एकानंही तुला हैदोस म्हटलं नाही. माझी आई त्यानंतर जगली, चांगली जगली, नातवंडांशी पत्ते खेळताना लबाडी करत जगली. तुझे त्यासाठी आभार मानायचे राहून गेले, कारण तुझे आभार मानायला लागलं की तू नक्कल करायचास.

मी तेच करायला गेलो होतो, वासू. बस. तुझ्याकडून शिकलेलं तुझ्याच घरी करायला गेलो होतो, आणि मला दाराबाहेर काढलं.

तेरवीला गेलो. सांगितलं होतं म्हणून गेलो. अंगणात मांडव, पुरी, आलूवांग्याची भाजी, बुंदी, सगळं रीतसर. वहिनी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी. आणखी वाळली होती. तुझ्या बहिणीला मी नजरेनंच विचारलं, तिनं मान हलवली. अजून टिपूस नाही. दादा वाढप्यांवर लक्ष ठेवत होते. माझ्याकडे पाहत नव्हते. पंगत उठली, लोकांनी हात धुतले, सुपारी फिरली, आणि दादा मांडवाच्या खांबाशी उभे राहून हात जोडून बोलू लागले, ‘‘आपण सगळे आले. वासू आमचा लहानपणापासून शांत...’’

‘‘भाऊजी.’’

वहिनीचा आवाज. मला हाक मारली होती. सगळा मांडव वळला.

‘‘तुमची कामठीची गोष्ट अर्धीच राहिली. सांगा पुढं.’’

मी म्हटलं, ‘‘वहिनी, राहू द्या आता. मग कधीतरी.’’

‘‘काहून राहू देऊ? दादा होतेच तिथं. त्यायलेबी आठवत असन.’’

दादा खांबाला धरून उभे. मी सांगायला लागलो. बाबा घाबरला. चुन्याची डबी त्यानं परत कनवटीला लावली. केस मोठी आहे म्हणाला, हातानं भागणार नाही, कावीळ मानेत चढली असेल, मान धुवावी लागेल. ‘‘मास्तर, मान पुढं करा.’’ तू बिचारा परातीवर वाकलास, बाबानं कॉलर मागे ओढली, आणि नेमकी त्याच वेळी पन्ह्याचे पेले घेऊन मुलगी तुझ्या मागे येऊन उभी राहिली. तिनं मान पाहिली. आणि ती म्हणाली...

मी थांबलो. ते वाक्य माझं नव्हतं.

वहिनीनं पदर सावरला आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘‘माय वं, काविळीले पट्टे राहते काय?’’

मांडवात पहिल्यांदा कोणी हसलं ते वाढपी. मग तुझी बहीण. मी पुढचं ओरडून सांगत होतो, मागच्या खोलीतले माग कसे एकदम बंद पडले, दाराआडच्या बाया कशा फुटल्या, आणि परातीवर वाकलेला तू, आता दुसरा इलाज नाही हे ओळखून, तिथूनच कशी डरकाळी फोडलीस आणि बाबा चप्पल टाकून कसा पळाला. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

‘‘वाकडे होते.’’

दादा बोलले होते. आवाज हळू होता, पण खांबाजवळचे लोक गप्प झाले, मग त्यांच्या मागचे.

‘‘मानेवरचे पट्टे वाकडे होते,’’ दादा म्हणाले. ‘‘मीच काढत होतो ना. माय गेल्यावर दर वर्षी मीच रंगवत होतो त्याले. सगळं अंग गुमान रंगवू देत होता. मानेवर ब्रश लागला का गुदगुल्या व्हायच्या. हासे. लय हासे. मी म्हणो, हालू नको बे, हालू नको, पट्टा वाकडा होते...’’

बोलता बोलता त्यांनी उजवा हात उचलला होता आणि हवेत, एका लहान मानेच्या उंचीवर, ते ब्रश फिरवत होते. फिरवता फिरवता हसले. दादांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तुझंच हसणं, तेच, मान मागे टाकून. ते वर वर चढलं आणि मध्येच कुठेतरी मोडलं, आणि दादा खांबाला कव घालून खाली बसले. वहिनी धावली. तिनं त्यांना धरलं, पुन्हा ‘काविळीले पट्टे’ म्हणाली, आणि तिच्या तोंडून जी हाक फुटली, ती इतके दिवस तिनं कुठे ठेवली होती देव जाणे. मग सगळ्या बाया. मग आम्ही. मी तुझ्या बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून काय करत होतो ते मला सांगता येणार नाही. कोणीतरी मधेच बाबासारखं ‘काहीच नाही केलं ना बाप्पा’ म्हणालं, आणि ओसरत आलेलं सगळं पुन्हा उसळलं.

इतका आवाज झाला, की शेजारच्या काकू हातातली कणीक तशीच घेऊन कंपाउंडच्या भिंतीवरून डोकावल्या.

‘‘काय झालं वं? हासून राहिले का रडून राहिले?’’

त्यांना उत्तर देणार कोण? सगळे कामात होते.